मतपत्रिकेच्या तळाशी

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स (मुलींचे वसतिगृह)

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ‘एकोणसाठ’ म्हणजे नक्की किती हे अजूनही मला मनातल्या मनात मोजावं लागतं. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी ‘तू लिही’ म्हटल्यावर मी आधी हसले आणि मग घाबरले! शुद्धलेखन त्यांनी बघायचं या अटीवर लिहायला बसलेय. विषय मात्र माझा. विषय आहे निवडणूक. आपल्या हॉस्टेलच्या निवडणुकीबद्दलही थोडं येईल, पण ते नंतर. आधी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना या राज्याच्या निवडणुकीबद्दल.

आता हिला नॉर्थ कॅरोलायनाचं काय पडलंय असं तुम्हाला वाटेल. माझी मामेबहीण तिथे एम.एस. करतेय, रॉली या राजधानीच्या गावात. २०२४ च्या दिवाळीच्या आधी तिचा व्हिडिओ कॉल आला होता. मी चकलीचा डबा दाखवून तिला जळवायचा प्रयत्न करत होते, पण माझं लक्ष तिच्या मागे गेलं. तिची घरमालकीण (सत्तरीच्या आजी, रिटायर्ड शिक्षिका) डायनिंग टेबलावर चष्मा लावून, हातात पेन्सिल घेऊन एका लांबलचक कागदावर खुणा करत होत्या. मला वाटलं शब्दकोडं सोडवतायत. ताई म्हणाली, "नाही गं, मतपत्रिकेचा नमुना आहे. त्यांचा अभ्यास चाललाय."

अभ्यास? मतदानाचा?

ताईने तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि मी चकली खायची विसरले. मागे-पुढे छापलेलं पान. प्रत्येक नावापुढे एक रिकामा गोल, अगदी आपल्या ओएमआर शीटसारखा. सगळ्यात वर राष्ट्राध्यक्ष. त्याखाली अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचा सदस्य. मग गव्हर्नर (आपले राज्यपाल नेमलेले असतात, त्यांचा गव्हर्नर म्हणजे कामाच्या दृष्टीने मुख्यमंत्रीच). इथपर्यंत ठीक आहे. पण त्याखाली लेफ्टनंट गव्हर्नर वेगळा. अ‍ॅटर्नी जनरल वेगळा. ऑडिटर, शेती आयुक्त, विमा आयुक्त, कामगार आयुक्त, सेक्रेटरी ऑफ स्टेट, शिक्षण अधीक्षक आणि खजिनदार, प्रत्येकाची वेगळी निवडणूक! मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. हो, न्यायाधीशसुद्धा. आणि तळाशी मृद व जलसंधारण मंडळाचा सदस्य. ओढ्याची माती वाहून जाऊ नये यासाठीसुद्धा मत द्यायचं म्हणजे काय!

गव्हर्नर धरून राज्याची ही दहा पदं लोक थेट निवडतात. या दहा जणांना मिळून ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ म्हणतात. थोडक्यात, ते त्यांचं मंत्रिमंडळच समजा, फक्त ते गव्हर्नर ठरवत नाही. आपल्याकडे त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला, ५ डिसेंबरला मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला, १५ ला नागपुरात मंत्र्यांचा आणि खातेवाटप झालं २१ डिसेंबरला. कुणाला कुठलं खातं यावर महिनाभर टीव्हीवर चर्चा. तिकडे मतदार ओएमआर शीटवर काळ्या पेनने खातेवाटप करून मोकळे!

मी तर भारावूनच गेले. त्या रात्री रूममध्ये मी भाषणच ठोकलं, की खरी लोकशाही ती हीच, आपल्याकडेही शिक्षणमंत्री आपणच निवडायला हवा वगैरे. माझी रूम पार्टनर जर्नल पूर्ण करत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आपल्या राज्याचे महालेखापाल कोण आहेत, माहितीये?" मला माहीत नव्हतं. "मग मत कुणाला देणार होतीस?"

जाऊ दे. पण तो प्रश्न डोक्यात राहिला आणि सेमचा अभ्यास सोडून मी हे सगळं वाचत बसले. (त्या सेमला एक केटी लागली. त्याचं कारण हेच आहे असं मी घरी सांगितलेलं नाही.)

वाचलं तशी आधी मजा वाटली. शेरी बेरी नावाच्या बाई २००१ ते २०२१ अशी वीस वर्षं तिथे कामगार आयुक्त होत्या, पाच वेळा निवडून आल्या. राज्यातल्या लिफ्टची तपासणी हे त्यांच्या खात्याचं काम, आणि प्रत्येक लिफ्टमध्ये लावलेल्या तपासणीच्या प्रमाणपत्रावर त्यांचा हसरा फोटो! लिफ्टमध्ये शिरलं की बेरीबाई. लोक त्यांना ‘लिफ्टची राणी’ म्हणायचे. खालच्या फळीतल्या आयुक्ताला एवढा फुकट प्रचार दुसरीकडे कुठे मिळणार? आपल्या मेन बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ‘बंद आहे’ ही पाटी सोडून काहीही लावलेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरी गंमत म्हणजे गव्हर्नर एका पक्षाचा आणि लेफ्टनंट गव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा असू शकतो. रॉय कूपर हे डेमोक्रॅट गव्हर्नर होते तेव्हा २०२१ पासून त्यांच्या खाली मार्क रॉबिन्सन हे रिपब्लिकन होते. तिथल्या राज्यघटनेनुसार गव्हर्नर राज्याबाहेर गेला की लेफ्टनंट गव्हर्नर कार्यवाहक गव्हर्नर होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये कूपर जपानला गेले आणि इकडे रॉबिन्सननी कार्यवाहक गव्हर्नर म्हणून आपल्या सहीने एक घोषणापत्र काढलं, इस्रायलच्या समर्थनाचा आठवडा पाळण्याचं. म्हणजे रेक्टर सुट्टीवर गेल्यावर त्यांच्याशी न पटणाऱ्याने नोटीस बोर्डाची चावी घ्यावी, तसं!

आता ५ नोव्हेंबर २०२४ चा निकाल बघा. राष्ट्राध्यक्षपदासाठी राज्याने ट्रम्प यांना तीन टक्क्यांहून थोड्या जास्त फरकाने पुढे ठेवलं. त्याच दिवशी, त्याच कागदावर, त्याच लोकांनी गव्हर्नर म्हणून डेमोक्रॅट जॉश स्टाइन यांना रॉबिन्सनपेक्षा जवळजवळ पंधरा टक्के जास्त मतं दिली. (सप्टेंबरमध्ये सीएनएनने रॉबिन्सन यांच्या नावावर जुनं आक्षेपार्ह लिखाण असल्याची बातमी दिली होती. त्यांनी ते नाकारलं, पण लोकांनी काय ठरवायचं ते ठरवलं.) दहा पदांपैकी पाच डेमोक्रॅट आणि पाच रिपब्लिकन, बरोब्बर अर्धे-अर्धे. पूर्वी तिथे एका खुणेत एकाच पक्षाच्या सगळ्यांना मत देता यायचं. २०१३ च्या कायद्याने ती सोय काढली, त्यामुळे आता प्रत्येक गोल वेगळा भरावा लागतो. आणि लाखो लोक खरंच माणूस बघून गोल भरतात. हे वाचून मी रूम पार्टनरला म्हटलं, "बघ, लोक विचार करतात." तिचं उत्तर, "पुढे वाच."

पुढचं वाचल्यावर माझा उत्साह जरा उतरला.

ऑडिटर हे पद आठवतंय ना? वरून पाहिलं तर चौथं राज्यस्तरीय पद, ज्याच्यावर चहाच्या टपरीवर कुणी भांडत नाही. काम सरकारी हिशेब तपासणे. त्या जागी रिपब्लिकन डेव्ह बोलिक निवडून आले. निकालाला जेमतेम दोन आठवडे झाले आणि विधिमंडळात एक १३१ पानी विधेयक आलं. नावात वादळग्रस्तांना मदत, कारण सप्टेंबरमध्ये हेलीन वादळाने राज्याचा पश्चिमेकडचा डोंगरी भाग उद्ध्वस्त केला होता. पण आत बरंच काही होतं. राज्याच्या निवडणूक मंडळावर माणसं नेमायचा अधिकार गव्हर्नरकडून काढून ऑडिटरकडे दिला होता! अ‍ॅटर्नी जनरलने कोर्टात विधिमंडळाच्या विरुद्ध भूमिका घ्यायची नाही, हेही होतं. गव्हर्नर आणि अ‍ॅटर्नी जनरल दोन्ही पदं डेमोक्रॅटांनी जिंकलेली, हे लक्षात घ्या. मावळते गव्हर्नर कूपर यांनी व्हेटो वापरला. पण मावळत्या सभागृहात रिपब्लिकनांकडे व्हेटो उलटवण्याइतकं बहुमत होतं (नव्या सभागृहात ते एका जागेने हुकणार होतं), त्यांनी डिसेंबरमध्ये तो उलटवला. खटले झाले, पण मे २०२५ मध्ये नवं मंडळ ऑडिटरनेच नेमलं.

विचार करा. ज्याने ऑडिटरचा गोल भरला त्याला वाटलं आपण हिशेबनीस निवडतोय. प्रत्यक्षात निवडला गेला तो राज्यातल्या पुढच्या सगळ्या निवडणुकांचे पंच नेमणारा माणूस. बोलिक चांगले की वाईट हा माझा मुद्दाच नाही, ते रीतसर निवडून आले. मुद्दा असा की अधिकाराची पिशवी एका खुंटीवरून काढून दुसऱ्या खुंटीवर टांगली गेली, आणि ती खुंटी कोणती असेल हे मतदाराला मत देताना माहीतच नव्हतं.

न्यायाधीशांची गोष्ट तर त्याहून भारी. २०२२ च्या निवडणुकीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन जागा रिपब्लिकनांनी जिंकल्या आणि कोर्टात त्यांचं ५–२ असं बहुमत झालं. त्याच निवडणुकीत काँग्रेसच्या १४ जागा ७–७ अशा वाटल्या गेल्या होत्या, कारण तेव्हाचे मतदारसंघ कोर्टाच्या देखरेखीखाली आखलेले होते. एप्रिल २०२३ मध्ये नव्या बहुमताने आधीचा निकाल फिरवला. पक्षाच्या सोयीने मतदारसंघ आखले तर त्यात कोर्टाने पडायचं नाही, असं ठरलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये विधिमंडळाने नवा नकाशा काढला. २०२४ चा निकाल लागला १०–४! लोक जवळपास तेच, रेषा वेगळ्या. आणि त्या वर्षी अख्ख्या अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात २२० विरुद्ध २१५ असा निकाल होता. या एका राज्यातल्या तीन जागा इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर २१७ विरुद्ध २१८. (इतर राज्यांनीही आपापले नकाशे सोयीने काढलेत, काही डेमोक्रॅटांनीही. तेव्हा एकट्या नॉर्थ कॅरोलायनाला झोडपायचं कारण नाही.) पानाच्या खालच्या भागातल्या दोन गोलांनी पानाच्या वरच्या भागातले निकाल ठरवले. आपण किरकोळ ग्राउंड कनेक्शन समजून सोल्डर करत नाही आणि सगळं सर्किट भलतंच आउटपुट देतं, तसलाच प्रकार.

आणि हे खालचे गोल बरेच लोक रिकामे सोडतात. राष्ट्राध्यक्षाला मत देतात, गव्हर्नरला देतात आणि मग कंटाळतात. ताईच्या आजी म्हणूनच तळापासून वर जात होत्या. ताईने त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, वर काय करायचं ते मला दोन वर्षांपासून माहीत आहे, त्याला पेन्सिल कशाला लागते?

२०२४ मध्ये न्यायालयाच्या एका जागेसाठी अ‍ॅलिसन रिग्ज आणि जेफरसन ग्रिफिन यांच्यात लढत झाली. पंचावन्न लाखांवर मतं पडली आणि फरक ७३४. दोनदा फेरमोजणी झाली, फरक तोच राहिला. मग ग्रिफिन यांनी साठ हजारांवर मतदारांच्या मतांना आव्हान दिलं. बहुतेकांबाबत तक्रार अशी की त्यांच्या नोंदणीत लायसन्सचा किंवा सोशल सिक्युरिटीचा नंबर दिसत नाही. त्या यादीत खुद्द रिग्ज यांचे आई-वडील होते! सहा महिने कोर्टकचेऱ्या चालल्या, शेवटी मे २०२५ मध्ये एका फेडरल न्यायाधीशाने निकाल दिला आणि ग्रिफिन यांनी हार मानली. त्या काळात हजारो लोक आपलं नाव यादीत आहे का ते शोधत होते. रांगेत उभं राहून, रीतसर मत देऊन आलेले लोक.

इथे मला माझीच लाज वाटली, त्याचं कारण सांगते.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार. आपल्याकडे विधानसभेचं मतदान. (गंमत म्हणजे ते १३१ पानी विधेयक तिथल्या सिनेटमध्ये मंजूर झालं ते याच तारखेला.) कॉलेजला सुट्टी. मला अठरा पूर्ण झालेली होती आणि लोकशाहीवर भाषण ठोकून महिनासुद्धा झाला नव्हता. मी काय केलं? साडेदहापर्यंत झोपले, मेसमध्ये स्पेशल थाळी होती ती खाल्ली, दुपारी आमच्या विंगने लॅपटॉपवर सिनेमा बघितला. मतदार यादीत माझं नावच नव्हतं. नोंदवायचं राहून गेलं होतं. रूम पार्टनरचं होतं, पण तिच्या गावी, आणि एसटीने जाऊन-येऊन दोन दिवस, शिवाय गुरुवारी सबमिशन. आमच्या विंगमध्ये ५२ मुली. त्यातल्या किती जणींनी मत दिलं ते मी नंतर विचारत फिरले. चार. चौघीही याच शहरातल्या, सुट्टी म्हणून घरी गेलेल्या.

आता ५२ हा आकडा लक्षात ठेवा. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. विधानसभेला साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले. आमचं हॉस्टेल चार मजल्यांचं आहे, हिशोब तुम्हीच करा.

‘एका मताने काय होतं’ हे वाक्य ऐकलं की पूर्वी मी मान डोलवायचे. आता मला ते आळसाचं सुशिक्षित नाव वाटतं. पण त्याचबरोबर नुसतं ‘मतदान करा’ असं म्हणणाऱ्या पोस्टरवरही माझा फारसा विश्वास उरलेला नाही. पोस्टर फक्त वरच्या गोलाचं असतं. आपल्याकडेही एकाच वेळी अनेक मतं द्यायची वेळ येते. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, त्यात नगराध्यक्ष थेट आणि प्रभागातले नगरसेवक वेगळे. माझी आई मतदान करून आली आणि फोनवर म्हणाली, "नगराध्यक्षाचं ठरलेलं होतं, बाकी दोन बटणं अशीच दाबली." आमच्या गल्लीतलं गटार साफ होतं की नाही हे त्या ‘बाकी दोन’वर अवलंबून आहे. सरपंच थेट निवडायचा की सदस्यांनी, हेही आपल्याकडे २०१७ मध्ये बदललं, २०२० मध्ये परत फिरवलं आणि २०२२ मध्ये पुन्हा बदललं. ग्रामपंचायतीत मत देणाऱ्या किती जणांना हे तीन बदल कळले?

मग आपल्याकडे कामगार आयुक्त, ऑडिटर, न्यायाधीश सगळे निवडून द्यायचे का? माझं मत (आता) नाही असं आहे. न्यायाधीशाने प्रचार करावा, त्यासाठी पैसे गोळा करावेत आणि मग निष्पक्ष निकाल द्यावा, हे मला पटत नाही. दहा खात्यांचे दहा धनी झाले की चूक कुणाची हे ठरवताना प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. रूम पार्टनरचं म्हणणं मी इथे मान्य केलं. पण तिचं दुसरं म्हणणं, की लोकांना कळत नाही म्हणून जास्त विचारूच नये, ते मी मान्य केलेलं नाही. पंधरा टक्के आणि तीन टक्के उलट्या दिशेने देणाऱ्या लोकांना काही कळत नाही असं कसं म्हणणार? माहिती मिळाली तर लोक गोल नीट भरतात. माहिती मिळवायला त्या आजींना एक संध्याकाळ आणि एक पेन्सिल लागली.

आता हॉस्टेलबद्दल. गेल्या वर्षी आपल्याकडे कल्चरल सेक्रेटरीच्या जागेसाठी तीन उमेदवार होते. पोस्टर्स, घोषणा, रात्री बारापर्यंत रूम टू रूम प्रचार, चॉकलेट वाटप! (मी दोघींकडून खाल्ली.) मेस सेक्रेटरीची जागा बिनविरोध. फॉर्म कुणीच भरेना म्हणून शेवटच्या दिवशी एकीला धरून सही करायला लावली. गॅदरिंग वर्षातून तीन दिवस असतं. मेस रोज दोन वेळा. ऑगस्टमध्ये मेसचं कंत्राट नवं झालं, रविवारची फीस्ट महिन्यातून दोनदाच झाली, तेव्हा मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये विद्यार्थ्यांच्या वतीने सही कुणाची होती? बिचारीला दोष देत नाहीये, तिने कागद वाचला नव्हता. आपण तरी तिचं नाव मतपत्रिकेवर वाचलं होतं का?

शेवटी एक कामाची गोष्ट, जी मला स्वतःला या वर्षापर्यंत माहीत नव्हती. हॉस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला मतदार म्हणून नाव घरच्या पत्त्यावर किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर, यापैकी एका ठिकाणी नोंदवता येतं. निवडणूक आयोगाने तशी मुभा दिलेली आहे. नवीन नाव असेल तर नमुना ६, आधीचं नाव दुसरीकडून हलवायचं असेल तर नमुना ८. हॉस्टेलच्या पत्त्यासाठी सोबत कॉलेजच्या प्रमुखांचं बोनाफाइड जोडायचं. वयाची अठरा वर्षं पूर्ण होण्यासाठी आता फक्त १ जानेवारी धरत नाहीत. १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही चालतात. म्हणजे फर्स्ट इयरच्या बऱ्याच जणींचंही होऊ शकतं.

बोनाफाइडसाठी मी ऑफिसात गेले तेव्हा खिडकीवरचे काका म्हणाले, "कशाला? पासपोर्टला की स्कॉलरशिपला?" मतदार नोंदणीला म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर केला. रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात काय लिहायचं तेच त्यांना सुचेना. मग वॉर्डन मॅडमशी बोलले, त्यांनी एकेकटीने खिडकीवर जाण्याऐवजी सगळ्यांची एकत्र यादी मागितलीय. ती यादी मेसच्या दाराशी, मेनूच्या बाजूला लावली आहे. नाव, रूम नंबर, जन्मतारीख लिहायची. हे लिहीपर्यंत एकतीस नावं झालीत. रूम पार्टनरचं अजून नाही. तिला आधी बघायचंय की आपल्या प्रभागात नगरसेवक कोण कोण आहेत. काल रात्री जर्नल बाजूला ठेवून ती पेन्सिल घेऊन बसली होती.